परराज्यातल्या सरकारी विद्यापीठात कमी ट्यूशनमध्ये (शिक्षणशुल्कात) शिकण्याचे मार्ग : अनुभव आणि माहिती हवी आहे

सागरलाट_एडिसन | १४ सप्टेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. लेक बारावीला आहे आणि तिला मरीन सायन्स शिकायचं आहे. ही ओढ मालवणची. माझं माहेर तिथलं. सुट्टीत गेलो की ती पहाटे माझ्या बाबांबरोबर किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांत जाऊन उभी राहते आणि जाळ्यात आलेल्या एकेका जिवाचं नाव विचारून वहीत लिहिते. सातवीपासूनच्या त्या वह्या तिने जपून ठेवल्या आहेत, त्यामुळे हा विषय बदलेल असं मला वाटत नाही.

आता पैशाचं. रटगर्सला, म्हणजे आमच्या राज्याच्या सरकारी विद्यापीठात, इन-स्टेट (राज्यातली रहिवासी) म्हणून ट्यूशन आणि फी मिळून वर्षाला १७-१८ हजार डॉलर होतात. राहणं-जेवण धरलं की आकडा पस्तीस हजारांच्या घरात जातो. तेवढी तयारी आम्ही केली आहे. पण तिला घरापासून लांब, खऱ्याखुऱ्या समुद्राजवळ जायचं आहे. बाहेरच्या राज्यांचे आकडे पाहिले आणि छाती दडपली. मिशिगनची आउट-ऑफ-स्टेट ट्यूशनच ५५ हजारांच्या वर आहे. कॅलिफोर्नियाची यूसी विद्यापीठं बाहेरच्यांकडून नेहमीच्या ट्यूशनवर आणखी तीस हजारांहून जास्त घेतात. आमचं उत्पन्न असं आहे की सरकारी मदतीत बसत नाही आणि हे आकडे झेपतही नाहीत. धाकटा आठवीत आहे, त्याचंही पाहायचं आहे.

शाळेच्या काउन्सेलरने 'काही राज्यांमध्ये आपापसात करार असतात' एवढंच सांगितलं. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. इतर राज्यांतल्या मंडळींनीही आपापलं लिहा, म्हणजे सगळ्यांनाच उपयोग होईल.

---

वऱ्हाडी_कान्सास | १५ सप्टेंबर, सकाळी ७:३०

ताई, काउन्सेलर बरोबर सांगतात. असे चार मोठे गट आहेत. पश्चिमेकडच्या राज्यांचा वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज, ज्याला सगळे 'वूई' म्हणतात. मध्य-पश्चिमेचा मिडवेस्ट स्टुडंट एक्स्चेंज. दक्षिणेचा अकॅडेमिक कॉमन मार्केट. आणि न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्येकडच्या, ६ राज्यांचा ट्यूशन ब्रेक.

आमची मोठी मिडवेस्टवाल्या योजनेतून कान्सासहून नेब्रास्कात शिकली. नियम असा की सहभागी सरकारी विद्यापीठाने इन-स्टेट ट्यूशनच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. समजा तिथली इन-स्टेट १० हजार आहे, तर तुम्हाला जास्तीत जास्त १५ हजार. 'वूई'चंही हेच १५० टक्क्यांचं गणित. मात्र कुठल्या कॅम्पसने, कुठल्या विषयांना, किती मुलांना द्यायचं हे ज्याचं तो ठरवतो. यादीत विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून सवलत मिळालीच असं समजू नका.

आता वाईट बातमी. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं या चारपैकी कुठल्याच गटात नाहीत. तुमच्या लेकीला यातलं काही थेट लागू होणार नाही. पण म्हणून सगळे रस्ते बंद झाले असं नाही. जाणकार लिहितीलच.

---

सागरलाट_एडिसन | १५ सप्टेंबर, रात्री ९:०५

मनापासून आभार. वाचून जरा खट्टू झाले. मराठी माणसांची एवढी वस्ती ज्या राज्यात, त्यालाच नेमकं काही नाही.

---

नलूमावशी | १५ सप्टेंबर, रात्री ११:२०

बाहेर बघण्याआधी घरातलंही बघून ठेव हो. वर्गात वरच्या १५ टक्क्यांत असेल तर एनजे स्टार्स या राज्याच्या योजनेतून काउंटी कॉलेजची ट्यूशन माफ होते. तुमचं मिडलसेक्स कॉलेज एडिसनमध्येच आहे. माझ्या भाच्याने दोन वर्षं तिथे काढली आणि मग चार वर्षांच्या कॉलेजात गेला. डोक्यावर कर्ज नाही. मुलीला आज पटणार नाही कदाचित, पण एकदा तिच्यासमोर मांड.

---

बापू_हिल्सबोरो | १६ सप्टेंबर, दुपारी १:४५

ओरेगॉनहून लिहितोय. 'वूई'चा आमचा अनुभव सविस्तर देतो, कारण तेव्हा आम्हाला हे सांगणारं कुणी भेटलं नाही.

मुलाला शेजारच्या राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला 'वूई'चा दर मिळाला. ओरेगॉनमध्ये राहून जेवढी फी भरावी लागली असती जवळपास तेवढीच. घरात पेढे वाटले. दीड वर्षाने तो म्हणाला, बाबा, मला यंत्रांमध्ये रस नाही, मला नर्सिंग करायचंय. आम्ही म्हटलं, कर. हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवक म्हणून जायचा, तिथे त्याचं मन लागलं होतं आणि ते आम्हाला दिसत होतं. पण नर्सिंग त्या विद्यापीठाच्या 'वूई' यादीत नव्हतं. मेजर (मुख्य विषय) बदलला त्या सेमिस्टरपासून पूर्ण आउट-ऑफ-स्टेट दर लागला. बिल आलं तेव्हा कळलं.

मी म्हटलं, दीड वर्ष तिथे राहिलाय, आता त्याला तिथला रहिवासी धरा. उत्तर आलं की 'वूई'वर काढलेला काळ रहिवासासाठी मोजत नाहीत. पत्रात तसं छापलं होतं, दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत. आम्ही दोघांनीही ते वाचलं नव्हतं. शेवटी तो ओरेगॉनला परत आला. जवळजवळ एका सेमिस्टरचे क्रेडिट वाया गेले. आज तो पोर्टलंडमध्ये नर्स आहे, समाधानी आहे.

म्हणून ज्यांची मुलं 'वूई'त बसतात त्यांना माझं सांगणं : मुलाला जो विषय घ्यायचाय तो तर यादीत बघाच, पण ज्या दुसऱ्या विषयाकडे ते वळू शकेल तोही बघा. सतराव्या वर्षी ठरवलेलं विसाव्या वर्षी टिकतंच असं नाही आणि त्यात मुलांची चूक नाही. दुसरं, अर्ज लवकर करा. कित्येक ठिकाणी जागा मोजक्या असतात, आणि मुदत उलटून गेल्यावर गुण कितीही चांगले असले तरी उपयोग होत नाही. काही कॅम्पस आपोआप विचार करतात, काही ठिकाणी अर्जात वेगळी खूण करावी लागते. ती खूण राहिली तर सवलतही राहिली.

---

मुक्ता_ॲशबर्न | १७ सप्टेंबर, सकाळी ९:५०

बापू, किती मनापासून लिहिलंत. दक्षिणेकडचं मी सांगते, व्हर्जिनियातून.

अकॅडेमिक कॉमन मार्केटचं तत्त्व वेगळं आहे. तुम्हाला हवा तो अभ्यासक्रम तुमच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत नसेल आणि दुसऱ्या सहभागी राज्याने तो या योजनेत ठेवला असेल, तर तिथे पूर्ण इन-स्टेट दर मिळतो. दीडपट नाही, इन-स्टेट. त्यामुळे हा सगळ्यांत भरघोस, पण सगळ्यांत अरुंद रस्ता. कॉम्प्युटर सायन्स किंवा बिझनेससाठी याचा उपयोग जवळजवळ नाहीच, कारण ते विषय सगळीकडे असतात. नॉर्थ कॅरोलायना यात नाही, आणि टेक्सास व फ्लोरिडा फक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांपुरते आहेत.

माझ्या मुलीचा विषय इतका दुर्मीळ आहे की लिहिला तर ओळख पटेल, म्हणून लिहीत नाही. प्रक्रिया अशी : आधी त्या विषयात प्रवेश मिळवायचा, मग आपल्या राज्याच्या समन्वयकाकडून रहिवासी असल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं, ते विद्यापीठात पोचलं की दर बदलतो. आमचं प्रमाणपत्र वेळेत निघालं कारण प्रवेशाचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी कागद पाठवले. घरभाड्याचा करार, टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स हे आधीच एका फाइलमध्ये लावून ठेवा.

---

गोदाकाठ_मिनीॲपोलिस | १७ सप्टेंबर, रात्री ८:१५

आमच्याकडे दोन राज्यांचा थेट करार आहे. मिनेसोटाच्या मुलाला विस्कॉन्सिनमध्ये, अगदी तिथल्या मॅडिसनच्या मुख्य विद्यापीठातही, साधारण मिनेसोटाच्याच दराने शिकता येतं. नॉर्थ आणि साउथ डाकोटाशीही करार आहे. फक्त त्याचा वेगळा अर्ज असतो, तो विसरू नये.

---

दर्यावर्दी_बॉस्टन | १८ सप्टेंबर, रात्री ११:५५

सागरलाट ताई, तुमचा धागा आजच पाहिला आणि झोपायच्या आधी लिहायलाच बसलो.

मेन राज्याच्या सरकारी विद्यापीठाचं, युनिव्हर्सिटी ऑफ मेनचं, नाव ऐकलंय का? ओरोनो गावात, बँगोर शहराला लागून. त्यांची 'फ्लॅगशिप मॅच' नावाची योजना आहे, २०१६ च्या फॉलपासून (उन्हाळ्यानंतरच्या सत्रापासून) सुरू झालेली. मेन राज्यात तरुण मुलं कमी आणि म्हाताऱ्यांची संख्या मोठी. विद्यापीठाला बाहेरची मुलं हवी आहेत. म्हणून त्यांनी ठरवलं की ठरावीक राज्यांतल्या मुलांकडून त्यांच्याच राज्याच्या मुख्य सरकारी विद्यापीठाएवढी ट्यूशन-फी घ्यायची. पहिल्या यादीत मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, पेनसिल्व्हेनिया होते. आणि न्यू जर्सीसुद्धा! म्हणजे तुमच्या लेकीला रटगर्सच्या इन-स्टेट दरात मेन. शाळेतल्या गुणांची अट आहे, पण तुम्ही वर्णन केलंय त्या मुलीला ती जड जाणार नाही.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे त्यांच्याकडे मरीन सायन्स आहे. वॉलपोलला, नदीच्या मुखाशी, त्यांचं डार्लिंग मरीन सेंटर आहे. तिथे मुलं प्रत्यक्ष समुद्रावर काम करतात. आम्ही उन्हाळ्यात त्या बाजूला जातो. लॉबस्टरच्या होड्या पहाटे निघतात. तुमच्या बाबांना ते बंदर ओळखीचं वाटेल.

न्यू इंग्लंडच्या मंडळींसाठी : ट्यूशन ब्रेक १९५० च्या दशकापासून आहे. आपल्या राज्यात नसलेला विषय शेजारच्या राज्यात घेतला तर सवलत. बहुतेक ठिकाणी इन-स्टेटच्या पावणेदोनपटीपर्यंत दर जातो, म्हणून हिशेब करून बघा. कधी कधी विद्यापीठाची स्वतःची स्कॉलरशिपच त्यापेक्षा बरी पडते.

---

सागरलाट_एडिसन | १९ सप्टेंबर, सकाळी ६:४०

दर्यावर्दी, काय लिहू? रात्री दीड वाजता लेकीला उठवून तुमचा प्रतिसाद दाखवला. त्या मरीन सेंटरबद्दल तिला आधीच माहीत होतं! 'परवडणार नाही म्हणून बोलले नाही' म्हणाली. मला गलबलून आलं. आपण घरात पैशाची काळजी करतो ती मुलं न सांगता ऐकत असतात.

---

शिवणी_परदेशी | २१ सप्टेंबर, दुपारी ४:१०

एक विचारू का? माझी बहीण टेक्सासमध्ये असते. आम्ही ओहायोत. मुलाला बारावीनंतर वर्षभर मावशीकडे ठेवलं, तिथला पत्ता आणि लायसन्स काढलं, तर इन-स्टेट मिळेल ना? ओळखीतल्या एकांनी हे सांगितलंय.

---

फी_खिडकी | २१ सप्टेंबर, रात्री ९:३०

मी एका सरकारी विद्यापीठात रहिवास तपासणाऱ्या कार्यालयात काम करते. कुठे ते लिहीत नाही. हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी कुठलंतरी कुटुंब ऐकीव सल्ल्यावर विसंबून अडचणीत येतं, म्हणून कळकळीने सांगते : असं करू नका.

मूल आईवडिलांवर अवलंबून असेल तर त्याचा रहिवास म्हणजे आईवडिलांचा रहिवास. मावशीचा पत्ता, तिथलं लायसन्स, मतदार नोंदणी यांनी तो बदलत नाही. आम्ही टॅक्स रिटर्न बघतो. मुलाला कोणी अवलंबित दाखवलंय ते बघतो. खोटी माहिती सापडली तर मागच्या सेमिस्टरांचा फरकही वसूल होतो आणि शिस्तभंगाची कारवाई होते.

बहुतेक राज्यांत १२ महिन्यांच्या वास्तव्याची अट असते, आणि ते वास्तव्य फक्त शिक्षणासाठी असून चालत नाही. ही अट पूर्वी याहून कडक होती. कनेक्टिकटमध्ये नियम असा होता की अर्ज करताना तुम्ही बाहेरचे असाल तर शिक्षण संपेपर्यंत बाहेरचेच. त्यावर दोन विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. १९७३ साली व्लँडिस विरुद्ध क्लाइन या खटल्यात कोर्टाने सांगितलं की माणसाला आपण खरोखर रहिवासी झालो हे सिद्ध करण्याची संधीच नाकारणं घटनेत बसत नाही. त्यामुळे आज पुनर्विचाराचा अर्ज करता येतो. पण सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर, आणि ते कागदांनी पेलावं लागतं.

तुम्ही दोघं खरंच नोकरी बदलून टेक्सासला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. मग मुलाच्या प्रवेशाच्या किमान वर्षभर आधी जा.

आणि सगळ्यांसाठी एक विनंती. सवलतीचं पत्र आलं की पाच प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. सवलत ठरावीक रक्कम आहे की दर आहे, म्हणजे उद्या ट्यूशन वाढली तर वाढ कोण सोसणार? किती सेमिस्टर? किती जीपीए (सरासरी गुण) राखायचा? मेजर बदलला तर काय? उन्हाळ्यातल्या वर्गांना लागू आहे का? फोनवर मिळालेलं उत्तर आमच्याकडे नोंदलेलं नसतं. ईमेल असला की आम्हालाही तुमच्या बाजूने उभं राहता येतं.

---

केदार_फ्रिस्को | २२ सप्टेंबर, सकाळी ८:२०

फी_खिडकी यांचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवावा असा आहे.

टेक्सासबद्दल एक भर. इथल्या कायद्यात अशी सोय आहे की सरकारी विद्यापीठाने वर्षाला निदान १,००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप दिली, तर बाहेरच्या विद्यार्थ्याकडून इन-स्टेट ट्यूशन घेता येते. स्कॉलरशिप टेक्सासच्या मुलांशी स्पर्धेत मिळवलेली हवी आणि अशा विद्यार्थ्यांच्या संख्येवर ५ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे हजार डॉलरचं पत्र आलं तर 'एवढंच?' म्हणून बाजूला टाकू नका. ही माफी त्याला जोडलेली आहे का ते विचारा. त्या हजारामागे कित्येक हजार असू शकतात.

शेजारच्या युनिव्हर्सिटी ऑफ आर्कान्सामध्येही टेक्सास, ओक्लाहोमा, मिसुरी अशा जवळच्या राज्यांतल्या चांगल्या गुणांच्या मुलांना दोन दरांमधला बराचसा फरक माफ होतो.

आमची स्वतःची चिंता वेगळी आहे. मुलगी चौथ्या वर्षापासून इथे, पण एच-४ वर, म्हणजे आमच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. टेक्सासमध्ये तिला रहिवासी धरतात. बाहेर मात्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं. आणि २१ पूर्ण झाल्यावर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागला तर तेव्हा काय, हे आत्ताच विचारून ठेवतोय. फेडरल मदत एच-४ ला नाहीच. या परिस्थितीतल्या पालकांनी प्रवेशाच्या आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय आणि रहिवास कार्यालय दोघांनाही लिहावं. दोघांची उत्तरं आमच्याकडे जुळली नाहीत, तेव्हा दोघांनाही एकाच ईमेलवर आणलं आणि मग नीट उत्तर मिळालं.

---

सिंहगड_रोड | २३ सप्टेंबर, रात्री १०:०० (भारत)

मी पुण्याहून. एमएससाठी अर्ज करतोय. 'वूई' वगैरे मला लागू होईल का?

---

केदार_फ्रिस्को | २३ सप्टेंबर, दुपारी २:३०

नाही रे, ते त्या त्या राज्यांच्या रहिवाशांसाठी. तुझ्यासाठी दोन गोष्टी. एक, वर लिहिलेली टेक्सासची माफी परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळू शकते. दोन, टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत तिच्याबरोबर ट्यूशन पूर्ण किंवा बरीचशी माफ होते. पण एमएसवाल्यांना पहिल्या सेमिस्टरला ती मिळेलच असं धरून कर्ज काढू नकोस. आणि इंडियानातल्या पर्ड्यू या सरकारी विद्यापीठासारख्या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांचा दर आउट-ऑफ-स्टेटपेक्षाही थोडा जास्त असतो, तेव्हा बरोबर रकाना बघ.

---

वऱ्हाडी_कान्सास | २३ सप्टेंबर, रात्री ९:१५

पर्ड्यूवरून आठवलं. सवलतीच्या नावाला भुलू नये. पर्ड्यूने २०१३ पासून ट्यूशन गोठवली. अमेरिकेतल्या बाहेरच्या राज्यांतल्या मुलांना तिथे २०२४-२५ मध्ये २८,७९४ डॉलर लागत होते, कुठलीही स्कॉलरशिप न धरता. दुसरीकडे एखादं विद्यापीठ ५० हजारांवर १५ हजारांची स्कॉलरशिप देतं आणि घरात आनंद होतो. शेवटी काय भरायचंय तो आकडा बघा.

---

मंजिरी_मॉरिसव्हिल | २५ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५०

नॉर्थ कॅरोलायनाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. 'एनसी प्रॉमिस' २०१८ च्या फॉलपासून आहे. वेस्टर्न कॅरोलायना, यूएनसी पेमब्रोक आणि एलिझाबेथ सिटी स्टेट इथे राज्यातल्या मुलांना सेमिस्टरला ५०० डॉलर ट्यूशन आणि बाहेरच्यांना २,५०० डॉलर असं तेव्हा ठरलं. २०२२ मध्ये फेएटव्हिल स्टेट आलं. वर्षाला पाच हजार! फी, राहणं, जेवण वेगळं, तरीही.

आमच्या शेजारच्यांचा पुतण्या बाहेरच्या राज्यातून एलिझाबेथ सिटीला वैमानिकाचं शिक्षण घ्यायला आला. विमान उडवण्याच्या तासांचे पैसे वेगळे लागतात आणि ते पुष्कळ असतात, पण ट्यूशन वाचली म्हणून ते जमलं. ते ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ आहे. आपल्याकडचे काही लोक नाव ऐकून पुढे जातात, हे मला फार खटकतं. तो मुलगा तिथे रमलाय, प्राध्यापक त्याला नावाने ओळखतात.

ज्यांच्या मुलांचे एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण चांगले आहेत त्यांनी अलाबामा विद्यापीठाचंही पाहा. जीपीए आणि गुणांच्या तक्त्यावरून स्कॉलरशिप ठरते, आणि तो तक्ता अर्जाच्या आधीच पाहायला मिळतो. मनात अंदाज बांधत बसावं लागत नाही.

---

सागरलाट_एडिसन | २६ एप्रिल, रात्री ९:४५

मंडळी, सात महिन्यांनी येतेय. शेवट सांगायला हवा.

लेकीला मेनचा प्रवेश मिळाला आणि पत्रातच फ्लॅगशिप मॅचची रक्कम होती. वेगळा अर्ज करावा लागला नाही. रटगर्सचाही प्रवेश आला. दोन्ही पत्रं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. ट्यूशन-फी जवळपास सारखी. फी_खिडकी यांचे पाचही प्रश्न ईमेलने पाठवले. तीन दिवसांत उत्तर आलं, छापून फाइलला लावलंय. बापूंचं आठवून सहावा प्रश्न लेकीनेच घातला : मरीन सायन्स सोडून जीवशास्त्र घेतलं तर?

फरक पडला तो इतर खर्चात. रटगर्स घरापासून वीस मिनिटं, घरी राहिली असती तर डॉर्मचे पैसे वाचले असते. नलूमावशी, तुमचा पर्यायही आम्ही खरोखर मांडला, कागदावर आकडे लिहून. त्या आकड्यांनुसार तोच सगळ्यांत स्वस्त होता. यजमानांचं मन दोन आठवडे तिकडेच होतं. मग फेब्रुवारीत सुट्टी काढून गाडीने सात-आठ तास ओरोनोला गेलो. कमरेएवढं बर्फ. लेक प्रयोगशाळेत एका प्राध्यापिकेशी खेकड्यांबद्दल बोलत उभी राहिली ती तास झाला तरी हलेना. यजमान परतीच्या वाटेवर मेनमधल्या पोर्टलंडपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, उन्हाळ्यात मी जास्तीचं काम घेतो.

काल डिपॉझिट भरलं. मालवणला फोन केला. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, तिथलं पाणी किती गार असतं गो?

दर्यावर्दी, काय सांगू त्यांना?

---

दर्यावर्दी_बॉस्टन | २६ एप्रिल, रात्री ११:१०

अभिनंदन, अभिनंदन! बाबांना सांगा, भर जुलैतही पाय घातला की दोन मिनिटांत सुन्न होतो. लेकीला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि लोकरीचे मोजे आधी घ्या, जॅकेट तिकडेच ऑगस्टअखेर घ्या. आणि बँगोरहून बॉस्टनला थेट बस येते. थँक्सगिव्हिंगला एडिसनपर्यंत पोचणं जमलं नाही तर ती आमच्याकडे उतरेल. माझा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतोय.